मशीनचा सूर चढेना

टकळीचं टकळी हे नाव तिच्या वडिलांनी ठेवलं होतं आणि त्यात त्यांनी कणभरही अतिशयोक्ती केली नव्हती. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं. शाळेत बाई तिला बडबडीपायी वर्गाबाहेर उभं करत, तर ती जिना झाडणाऱ्या बाईशी गप्पा ठोकत बसे आणि शिक्षा संपली तरी आत यायचं नाव घेत नसे. अशा मुलीला नोकरी लागली ती भांडी धुण्याची छोटी मशीन विकणाऱ्या कंपनीच्या मदत कक्षात. दिवसभर फोनवर बोलायचं आणि महिन्याच्या शेवटी वर पगारही घ्यायचा. पहिला पगार हातात आला तेव्हा तिला उगाचच चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

कंपनीचं मशीन अगदी आटोपशीर होतं. ओट्याच्या कोपऱ्यात बसावं, छोट्या घराची ताटं-वाट्या पोटात घ्याव्यात आणि थोड्या वेळाने चकचकीत करून परत द्याव्यात, एवढंच त्याचं काम. त्याच्याबद्दलची तक्रारही बहुतेक वेळा एकच असे : पाणी भरत नाही. कुणाचा नळ बंद असे, कुणाची नळी मुडपलेली असे, कुणी दारच नीट लावलेलं नसे आणि वर कंपनीला लाखोली वाहिलेली असे. मदत कक्षात दोन टेबलं होती. एकावर टकळी, दुसऱ्यावर मावशी. मावशी तशा त्या ऑफिसात कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा सल्ला तयार असे, म्हणून सगळे त्यांना मावशी म्हणत. साहेबांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत एकच नियम लावला होता. मशीनमध्ये पाणी भरल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

त्या दिवशी टकळीचे पाय जमिनीवर नव्हते. संध्याकाळी तिला घड्याळजीच्या घरी जेवायला जायचं होतं, त्याच्या आईला पहिल्यांदा भेटायला. घड्याळजी म्हणजे तिचा होऊ घातलेला नवरा. बाजारातल्या बोळात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर श्वास रोखून बारीक चाकं बसवायची सवय, त्यामुळे बोलतानाही तो एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारखा बोले. टकळीला तो आवडला तो ह्याच कारणासाठी. मध्येच तोडणारं कुणी नसलं की तिची गाडी सुसाट सुटे.

"आईला तू आवडशील," तो म्हणाला होता. "तीही बोलते."

एवढ्या दोन वाक्यांवर ती आठवडाभर तरंगत होती. आवडायचं होतं तिला त्या घराला, अगदी मनापासून. तिच्या बडबडीला कंटाळून आजवर दोन ठिकाणची माणसं उठून गेली होती, आणि इथे चक्क बोलणारी सासू मिळत होती.

दुपारी फोन वाजला.

"नमस्कार, मदत कक्षातून बोलतेय. काय झालंय मशीनला?"

"काय झालंय ते मला कळलं असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता, बाई?" पलीकडचा आवाज भरदार होता, एकेक अक्षर स्पष्ट. "पाणी भरत नाहीये. बटण दाबलं की घुर्र करतं, आणि मग तो थेंबाचं चित्र असलेला दिवा माझ्याकडे बघून डोळे मिचकावतो. आणि संध्याकाळी माझ्याकडे पाहुणी यायचीये."

"काही काळजी करू नका, काकू. संध्याकाळच्या आत ते मुकाट्याने कामाला लागेल. आधी मला सांगा, नळ पूर्ण सोडलाय ना?"

"सोडलाय. नळी सरळ आहे, दार लावलंय. मुलाने सकाळी पुस्तिका वाचून दाखवली. पण त्याचं वाचणं म्हणजे काय, एक ओळ वाचायची आणि थांबायचं. घड्याळं दुरुस्त करतो ना तो."

टकळी खुर्चीत ताठ बसली. शहरात घड्याळं दुरुस्त करणारी माणसं असून असून किती असणार, आणि त्यातल्या कितीजणांच्या आईकडे आज संध्याकाळी पाहुणी यायची असणार? मशीन घे म्हणून घड्याळजीला तिनेच सुचवलं होतं. ते बिघडलं तर त्याची आई फोन कुणाला करेल, हा विचार मात्र तिच्या डोक्यात आला नव्हता.

"काकू, एक सांगायचं होतं. मी—"

"पहिल्यांदा मुलगी घरी आणतोय हो तो," काकू आपल्याच नादात होत्या. "कुठे नोकरी करते विचारलं, तर म्हणतो ऑफिसात. कसलं ऑफिस, तर म्हणतो फोनचं. आता ह्यातून माणसाने काय समजायचं? फोटो दाखवला एक. तुम्हाला म्हणून सांगते, फोटोत मला ती जरा शिष्ट वाटली. नाक असं वर केलेलं, डोळे बारीक केलेले."

"तो उन्हात काढलाय," टकळीच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"म्हणजे उन्हात काढला असेल. उन्हात काढलेल्या फोटोंत सगळेच शिष्ट दिसतात, काकू. मी तर उन्हात अगदीच मारकुटी दिसते."

शेजारच्या टेबलावर मावशींनी आपला हेडफोन कानावरून मागे सरकवला आणि खुर्ची चार बोटं पुढे ओढली.

आता कबूल करून टाकावं की आधी मशीन बघावं, ह्या कात्रीत टकळीने मशीन निवडलं. नळी जिथे मशीनला जोडली आहे तिथे आत एक बारीक जाळी असते, तिच्यात रेती अडकली की पाणी येत नाही, असं तिने समजावलं. नळ बंद करा, जोड फिरवून सोडवा, जाळी बाहेर काढा आणि जुन्या टूथब्रशने घासा. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हणाल्या आणि पहिलंच काम सोडून बाकी सगळी केली.

फोनमधून आधी फस्स असा आवाज आला, मग एक किंकाळी, मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज.

"काकू, काय झालं?"

"आंघोळ झाली," काकू शांतपणे म्हणाल्या. "आज दुसऱ्यांदा."

टकळीला हसू आवरेना. तिचं हसणं साधं नव्हतं. आधी नाकातून घोरल्यासारखा एक आवाज निघायचा आणि मग खिदळण्याची माळ लागायची. कंपनीने गिऱ्हाइकांसमोर हसायला बंदी केली होती ती बहुधा त्या पहिल्या आवाजामुळेच. पण पलीकडे काकूही हसत होत्या, आणि दोघींपैकी कुणालाच थांबता येईना.

"हसण्याची तऱ्हा छान आहे तुझी," काकू धापा टाकत म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही. "लक्षात राहील माझ्या. मुलांना गाणं शिकवते मी, आवाज कधी विसरत नाही. पूर्वी शिकलेली पोरं आज फोनवर नुसती खोकली तरी ओळखते."

टकळीचं हसू जिथल्या तिथे थांबलं. मावशींनी काय झालं म्हणून भुवया उंचावल्या.

जाळीतून चिमूटभर रेती निघाली. जाळी परत बसली, नळ सुटला, बटण दाबलं आणि मशीनमध्ये पाणी पडायला लागलं. ते टकळीलाही ऐकू आलं. आता पोट भरलं की ते आपणहून धुवायला लागेल, असं ती म्हणाली, आणि दोघी वाट बघत बसल्या. वाट बघताना बोलायचं नाही हे दोघींच्याही स्वभावात नव्हतं.

"तुला वाटेल, एका संध्याकाळच्या भांड्यांसाठी ही बाई एवढी का जिवाला लावून घेतेय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "मी ह्या घरात पहिल्यांदा आले ना, तेव्हा माझ्या सासूबाई सबंध वेळ सिंकपाशी भांडी घासत उभ्या होत्या. मी मागे स्टुलावर. त्यांना राग नव्हता हो माझा, नंतर कळलं मला, लाजत होत्या त्या. पण मी दोन तास नुसती पाठ बघितली. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. आता माझी पाळी आलीये, आणि मीही तशीच आहे. घाबरले की मी कामाला जुंपून घेते. आज भांडी समोर दिसली तर मीही पाठ करून उभी राहीन, मला माहितीये. म्हणून भांडी त्या डब्यात जायला हवीत. मला तिच्यासमोर बसायचंय."

टकळीने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"हे मी मुलालाही बोलले नाहीये," काकू म्हणाल्या. "अनोळखी माणसाला सांगायला बरं असतं. ना तू मला कधी भेटणार, ना मी तुला."

आता कसं सांगायचं? काकू, ती मीच, असं म्हटलं असतं तर त्या बाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं असतं. टकळीने उघडलेलं तोंड मिटलं. आणि तरीही तिला वेड्यासारखा आनंद झाला. तिच्यासमोर बसता यावं म्हणून कुणीतरी एवढा आटापिटा करत होतं.

"अगं, पण हे भरत का नाहीये?" काकू एकदम म्हणाल्या. "केव्हापासून पडतंय पाणी."

"भरेल. थोडा वेळ—"

"नाही. ऐक. भांडं भरत आलं की आवाज चढत जातो. तांब्या नळाखाली धर, कळेल. ह्या मशीनचा सूर चढतच नाहीये. जिथे सुरू झाला तिथेच अडून बसलाय." त्या थांबल्या. "आणि दुसराच एक आवाज येतोय. तो मात्र चढतोय. आता तर अगदी वर पोचलाय."

टकळीने कान टवकारले. खरंच, मागे कुठेतरी आणखी एक धार पडत होती.

"काकू, मशीनमधून घाण पाणी बाहेर जायची जी नळी आहे, तिचं टोक कुठे सोडलंय?"

"बादलीत. खाली, जमिनीवर. एवढं पाणी वाया घालवायचं म्हणजे काय? कुंड्यांना घालणार आहे मी."

टकळी खुर्चीतून उडी मारून उभी राहिली. "मग तिथेच सगळं जातंय. नळीचं टोक मशीनच्या खाली सोडलं आणि एकदा धार लागली की आतलं पाणी आपोआप खाली ओढलं जातं. तुम्ही वरून भरताय आणि ते खालून पळतंय. मशीन बिचारं जन्मभर भरणार नाही."

"अगंबाई, आणि बादली भरून वाहायला लागली की. माझे पाय ओले झाले."

मग जी धावपळ झाली ती टकळीने नुसत्या आवाजांवरून बघितली. नळी वर उचलली गेली, मशीनच्या मागून उंच नेऊन टोक सिंकच्या काठावर आलं, ते सुतळीने नळाला बांधलं गेलं, फडकी आली, बादली सरकली. कुंड्यांचं काय, असं काकूंनी जाता जाता विचारलं, आणि साबणाचं पाणी पिऊन झाडं तुमचं नाव टाकतील, असं टकळीने बजावलं. मग दोघी गप्प झाल्या. पाणी पडू लागलं. आवाज हळूहळू वर चढत गेला, चढत गेला आणि थांबला. क्षणभर काहीच नाही. मग आतून भांड्यांवर पाण्याचा पहिला फटकारा बसला.

"भरलं," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात एखादं मूल पहिल्यांदा सुरात गायल्याचा आनंद होता. "गुणाची पोर आहेस. त्या मुलीला तुझ्यासारखं बोलता येत असेल तर मी देवाकडे काही मागणार नाही."

फोन ठेवल्यावर टकळीने टेबलावर डोकं टेकलं आणि मावशींना सगळं सांगितलं. म्हणजे मावशींनी न ऐकलेली अर्धी बाजू तेवढी सांगितली.

"सोपं आहे," मावशी म्हणाल्या. "आज संध्याकाळी तोंड उघडायचं नाही. घसा बसलाय म्हणून सांग. आवाज ऐकलाच नाही तर ओळखणार कशी? लग्न होईपर्यंत विसरेल ती."

"मावशी, मी? गप्प?"

"एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. मुकी माणसं जगतातच ना?"

एक अडचण उरली होती. कक्ष बंद झाल्यावर तक्रारीचे फोन पाळीने दोघींच्या मोबाइलवर येत, आणि त्या आठवड्यात पाळी टकळीची होती. आजच्या दिवस तुम्ही घ्या, अशी तिने गळ घातली. पण मावशींच्या घरी पाहुणे यायचे होते, आणि त्यांनी बिनतोड मुद्दा काढला. ज्या बाईचा फोन यायची भीती, तिचं मशीन तर दुरुस्त झालंय. टकळीला ते पटलं. तिला त्या क्षणी काहीही पटलं असतं.

घड्याळजीला खरं सांगायची सोयच नव्हती, कारण खोटं लपवायची वेळ आली की त्याचे कान लाल होत आणि सगळं जग बघत राही. म्हणून तिने त्याला नुसता निरोप पाठवला, घसा बसलाय, आवाज पूर्ण गेलाय, आईला सांग. तो बिचारा खरं समजून खोकल्याच्या गोळ्यांची आख्खी बाटली घेऊन जिन्यात उभा होता.

भरदार आवाजावरून टकळीने चांगली उंचनिंच बाई कल्पली होती. दार उघडलं तर समोर तिच्या खांद्याला लागेल एवढीशी बाई, केसांत पांढरी बट, हातांची पुसून पुसून लाल झालेली बोटं. टकळीने हात जोडले, घशाकडे बोट दाखवलं आणि केविलवाणं हसली. आवाज न करता.

"काय झालं गं? आजच बसला घसा?" काकूंचा चेहरा पडला. लगेच त्यांनी तो सावरला. "थांब, मीठ घालून गरम पाणी देते. गुळण्या कर. चार गुळण्यांत मोकळा होईल."

झाली का पंचाईत. नाही म्हणायला आवाज हवा होता. टकळी न्हाणीघरात गेली. बाहेर काकू दाराशी उभ्या राहिल्या, कारण गाणं शिकवणाऱ्या बाईला गुळण्यांतही चूक दिसते. "आणखी खालून," त्या बाहेरून सांगत होत्या. "घशातून येऊ दे." टकळीने नळ मोठा सोडला आणि गुळण्यांचं पाणी हळूच बेसिनमध्ये ओतून दिलं.

जेवायच्या खोलीत भिंतीलगत मुलांच्या बुटक्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. तिघं टेबलाशी बसली. सूप झालं, भात झाला. काकू बोलत होत्या, प्रश्न विचारत होत्या, आणि टकळी मान डोलवत होती. हो. नाही. खूप. अजून नको. तिच्या पोटात शब्दांचा नुसता खच पडला होता. हे सूप कशाचं, ती खिडकीतली कुंडी कसली, घड्याळजी लहानपणी कसा होता, सगळं विचारायचं होतं. ती ओठ दाबून बसली. काकूंचे प्रश्न हळूहळू कमी होत गेले. दर वेळी त्या टकळीच्या तोंडाकडे बघत, वाट बघत, आणि मग ताटातलं काहीतरी उगाच सारखं करत. त्या दोनदा उठू लागल्या आणि दोनदा मुद्दाम परत बसल्या. मावशींचा सल्ला कुठे घेऊन चालला होता ते तिला दिसत होतं. आज पाठ काकूंची नव्हती, तिची होती.

"तू म्हणालास, बोलकी आहे," काकू मुलाला हळूच म्हणाल्या, पण ते तिघांनाही ऐकू आलं.

"आहे," घड्याळजी म्हणाला. त्याने गोळ्यांची बाटली टकळीकडे सरकवली.

गप्प बसणं असह्य झाल्यामुळे असेल, काकूंनी दुपारची हकिकत काढली. मशीन कसं हटून बसलं, फोनवर कोण मुलगी होती, कशी गोड बोलत होती. "मला म्हणाली आधी नळ बंद करा. आणि मी काय केलं, नळाला विसरले आणि जोड सोडवला. अरे, अशी धार आली," काकूंनी हातातला चमचा वर उडवून दाखवला, "सरळ नाकात. चष्म्याला वायपर हवे होते."

टकळीने रुमाल तोंडात कोंबला. उपयोग झाला नाही. नाकातून तो घोरल्यासारखा आवाज निघाला, एकच, पण स्वच्छ.

काकूंचा चमचा हवेतच राहिला. त्या टकळीकडे बघत राहिल्या. मग काही न बोलता उठल्या, ताटं गोळा केली आणि म्हणाल्या, "मी भांडी लावून येते." स्वयंपाकघराचं दार त्यांच्यामागे अर्धवट लोटलं गेलं.

"काय झालं?" घड्याळजीने विचारलं.

टकळीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुणी म्हणून आली, सबंध वेळ तोंड शिवून बसली, आणि आवाज काढला तो बाईच्या फजितीवर हसायला. आता सगळं संपलंच होतं. सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि तिच्या पर्समधला मोबाइल वाजला. मदत कक्षाचा फोन. न घेऊन चालणार नव्हतं. ती बाहेरच्या दाराशी गेली, चपलांच्या फळीकडे तोंड केलं आणि अगदी कुजबुजत म्हणाली, "नमस्कार, मदत कक्षातून बोलतेय."

"मशीनमध्ये पाणी भरत नाहीये," काकूंचा आवाज म्हणाला.

तो आवाज तिच्या कानातल्या फोनमधून आला आणि स्वयंपाकघराच्या अर्धवट दारातूनही आला. तिला पळून जावंसं वाटलं. चपला समोरच होत्या.

"नळ सोडलाय का, काकू?"

"सोडलाय."

"नळी वर बांधलेली आहे ना?"

"आहे." काकू जरा थांबल्या. "ती आलीये. बसलीये बाहेर. मी तिच्यासमोर बसले गं, ठरवलं होतं तशी. पण ती बोलत नाही. मला वाटतं, मी तिला आवडले नाही."

"नाही हो, काकू." टकळीची कुजबुज केव्हाच सुटली होती. "तसं नाहीये. तुम्ही तिला इतक्या आवडलात, इतक्या आवडलात की तिची बोबडी वळलीये. ती एरवी खूप बोलते, लोक कंटाळतात इतकं. आज गप्प बसली, कारण तिला वाटलं, तोंड उघडलं तर तुम्हाला लाज वाटेल. दुपारी तुम्ही एका परक्या मुलीला जे सांगितलंत, ते तुम्ही तिला सांगितलं नसतंत. चोरून ऐकल्यासारखं वाटलं तिला. म्हणून मी सांगते, काकू, ते त्या परक्या मुलीपाशीच राहील. तिला कधी कळणार नाही."

टकळी चपलांकडे बघत उभी राहिली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, म्हणजे घड्याळजी आता दोन्ही दारांकडे आळीपाळीने बघत होता.

"फोटोचं तिला कळलं नाही तर बरं," काकू अखेर म्हणाल्या. आवाज ओला होता. "पण ते सिंकपाशी उभं राहण्याचं, ते पाठीचं, तेवढं तिला सांगशील का तू? तिला कळावं असं मला वाटतं. मला तोंडावर नाही सांगता येणार."

"सांगते," टकळी म्हणाली. "आत्ता सांगते."

ती वळली. फोन कानालाच होता. टेबलाला वळसा घालून, घड्याळजीच्या वासलेल्या तोंडासमोरून ती गेली आणि तिने स्वयंपाकघराचं दार ढकललं.

काकू मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून, फोन कानाला लावून. मशीन व्यवस्थित भरलेलं होतं. आत पाणी भांड्यांवर सपासप बसत होतं आणि थेंबाचा दिवा साफ विझलेला होता.

"काकू," टकळी फोनमध्ये म्हणाली, "हे तर मस्त चाललंय."

"चाललंय की," काकू फोनमध्येच म्हणाल्या, आणि त्यांनी पायाने दुसरं स्टूल तिच्याकडे सरकवलं. "दुपारपासून ठणठणीत आहे ते. आता तू सुरू हो."